घरच्या थिएटर पीसीसाठी स्वस्तातला प्रोसेसर कसा निवडायचा

बाबांनी जपून ठेवलेल्या नाटकांच्या व्हीसीडी, ताईच्या लग्नाची मिनी डीव्ही कॅसेट, हार्ड डिस्कवर साचलेले सिनेमे आणि आता सगळ्यांच्या फोनमधले ४के व्हिडिओ. हे सगळं बैठकीतल्या टीव्हीवर, खुर्चीतून न उठता लागावं एवढीच इच्छा होती. घरात दुसऱ्या पिढीचा आय५ असलेला २०११चा डेस्कटॉप पडून होता. तोच टीव्हीला जोडला. व्हीसीडी, डीव्हीडी सगळं झकास चाललं. मग भाच्याच्या बारशाचा व्हिडिओ लावला. नव्या फोनवर काढलेला, ४के, सेकंदाला ६० फ्रेमचा. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ हे शब्द कानावर येऊन गेले आणि चित्रात आत्या अजून पाळण्याखाली वाकलेलीच होती. मग चित्र एकदम उडी मारून पुढे, पुन्हा थांबलं. टास्क मॅनेजर उघडला तर चारही कोअर शंभर टक्क्यांना टेकलेले आणि पंख्याचा आवाज कूलरच्या वर.

तीच फाइल दुसऱ्या दिवशी नागपुरातच मनीषनगरला एका मित्राच्या मिनी पीसीवर लावली. तळहातापेक्षा थोडा मोठा डबा, आत इंटेलचा एन१०० प्रोसेसर, कागदावर अवघा ६ वॉटचा. चित्र पाण्यासारखं वाहत होतं आणि प्रोसेसरचा वापर दहा टक्क्यांच्या आत. तेव्हापासून स्वतःच्या आणि नात्यातल्या तीन-चार घरी असे पीसी बसवले. त्यात जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो आहे. दुकानात जायच्या आधी हे वाचलंत तर पाच-सात हजार नक्की वाचतील.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या

४के चित्राची एक फ्रेम म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख पिक्सेल. सिनेमात अशा फ्रेम सेकंदाला २४. एवढा डेटा जसाच्या तसा कुठेच साठवता येत नाही, म्हणून तो दाबून ठेवतात. दाबायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. पाहताना तो पुन्हा उलगडावा लागतो, म्हणजेच डिकोड करावा लागतो.

हे उलगडण्याचं काम दोन ठिकाणी होऊ शकतं. एक, प्रोसेसरच्या मुख्य कोअरवर. ते कुठलंही काम करू शकतात, पण या कामात त्यांचा घाम निघतो. दुसरं, चिपमध्येच ग्राफिक्सच्या शेजारी असलेल्या एका छोट्या भागात. या भागाला व्हिडिओ उलगडण्याशिवाय दुसरं काही येत नाही, पण तेवढं काम तो अगदी थोड्या विजेत करतो. इंटेलने हा भाग २०११ पासून क्विक सिंक या नावाने दिला, एएमडीकडे आज त्याला व्हीसीएन म्हणतात. मेख अशी की त्याला जे कोडेक कारखान्यात शिकवले तेच येतात. नवा ड्रायव्हर टाकून, रॅम वाढवून तो नवं कोडेक शिकत नाही. माझ्या जुन्या आय५ला एच.२६४ येत होतं, पण एचईव्हीसी हे त्याच्या पुढचं कोडेक २०१३ साली आलं आणि ती चिप त्याच्या दोन वर्षं आधीची.

म्हणून दुकानदार गिगाहर्ट्‌झ आणि कोअर सांगू लागला की त्याला थांबवा. थिएटर पीसीसाठी पहिला प्रश्न एकच: याच्या ग्राफिक्सला कोणकोणती कोडेक हार्डवेअरमध्ये उलगडता येतात?

पहिलं काम: घरात काय पाहिलं जातं ते लिहून काढा

एका संध्याकाळी घरातल्यांना विचारून यादी करा. आईला यूट्यूबवर कीर्तन आणि रेसिपी, बाबांना जुनी नाटकं, मुलांना कार्टून, तुम्हाला ४के सिनेमे. मग प्रत्येकासमोर कोडेक लिहायचं. फाइल असेल तर मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका. फाइल त्यात ओढली की व्हिडिओच्या रकान्यात कोडेक दिसतं. तिथेच ‘मेन १०’ असं लिहिलं असेल तर फाइल १० बिटची, म्हणजे रंगांच्या जास्त छटा साठवणारी आहे. हा शब्द यादीत जरूर टिपून ठेवा, पुढे त्याच्यावरूनच निर्णय फिरतो. यूट्यूबवर चालू व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा, कोडेकच्या ओळीत एव्हीसी१ (म्हणजे एच.२६४), व्हीपी०९ (व्हीपी९) किंवा एव्ही०१ (एव्ही१) यातलं काहीतरी दिसेल.

ढोबळमानाने यादी अशी निघते. व्हीसीडी म्हणजे एमपेग-१, डीव्हीडी म्हणजे एमपेग-२. या दोन्ही कुठल्याही पीसीला पोटभर पेलतात, त्यांची काळजी सोडा. जुन्या डाउनलोड आणि बहुतेक १०८०पी फाइल एच.२६४ मध्ये. नव्या फोनचे ४के व्हिडिओ आणि ४के सिनेमे एचईव्हीसीमध्ये, म्हणजेच एच.२६५. एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारा सिनेमा असेल तर तो जवळजवळ नेहमी १० बिटचा. यूट्यूबवरचं ४के व्हीपी९ किंवा एव्ही१ मध्ये येतं, एच.२६४ मध्ये तिथे १०८०पीच्या वर मिळत नाही. एव्ही१ हे २०१८चं कोडेक, गूगल, नेटफ्लिक्स, अ‍ॅमेझॉन अशा कंपन्यांनी मिळून काढलेलं, आणि ते वापरायला रॉयल्टी लागत नाही म्हणून दरवर्षी वाढतंच आहे.

यादी झाल्यावर एक प्रामाणिक प्रश्न स्वतःला विचारा. यादीत फक्त नेटफ्लिक्स, प्राइम, हॉटस्टार आणि यूट्यूबच असेल तर पीसी घेऊ नका. टीव्हीतलं अ‍ॅप किंवा एचडीएमआयला लावायची स्टिक हे काम पीसीपेक्षा चांगलं करते. पीसीवर नेटफ्लिक्सचं ४के फक्त विंडोजवर, एजमध्ये किंवा त्यांच्या अ‍ॅपमध्ये मिळतं. त्यासाठी इंटेलची सातवी पिढी किंवा त्यानंतरचं हार्डवेअर लागतं, टीव्हीपर्यंत एचडीसीपी २.२ (कॉपी रोखणारी सुरक्षा) लागतं आणि वरच्या दराचा प्लॅनही. बाकीच्या सेवा ब्राउझरमध्ये बहुतेक वेळा कमी रिझोल्यूशनच देतात. थिएटर पीसी खरा उपयोगी पडतो तो स्वतःच्या फाइल, जुन्या डिस्क, कुटुंबाचे व्हिडिओ आणि जाहिराती नसलेला, आपल्या मर्जीचा पडदा हवा असेल तेव्हा.

कोणत्या पिढीला काय येतं

हा भाग सावकाश वाचा, सगळे पैसे इथे वाचतात.

इंटेलमध्ये सहाव्या पिढीला, २०१५च्या स्कायलेकला, ८ बिटचं एचईव्हीसी येतं पण १० बिटचं धडपणे येत नाही. म्हणजे फोनचा साधा व्हिडिओ चालेल, एचडीआर सिनेमा अडखळेल. सातव्या पिढीपासून १० बिटचं एचईव्हीसी आणि व्हीपी९ दोन्ही येतात. हा खरा उंबरठा आहे. आठवी, नववी आणि दहावी पिढी डेस्कटॉपमध्ये या बाबतीत सातवीसारखीच. एव्ही१ मात्र अकरावीपासून पुढे, आणि बाजारात सहज मिळणाऱ्या बाराव्या पिढीत ते सगळ्या ग्राफिक्समध्ये आहे, अगदी दोन कोअरच्या पेंटियम जी७४०० मध्येसुद्धा. दहाव्या पिढीचा आय३-१०१०० किंवा १०१०५ अजूनही ‘नवा’ म्हणून विकला जातो, त्यात एव्ही१ नाही.

एएमडीमध्ये नावांचा गोंधळ जास्त. ३२००जी, ५६००जी, ५६००जीटी या सगळ्यांत व्हेगा ग्राफिक्स. १० बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ छान चालतात, एव्ही१ नाही. ८५००जी आणि ८६००जी मध्ये एव्ही१ आहे, पण त्यांना नव्या एएम५ सॉकेटचा बोर्ड आणि डीडीआर५ रॅम लागते आणि तिथे स्वस्ताई संपते. मिनी पीसीत आणखी फसगत होते. ७५३०यू आणि ७७३०यू ही नावं ७०००च्या मालिकेतली वाटतात, पण आत जुनंच व्हेगा आहे, म्हणजे एव्ही१ नाही. ७३२०यू मात्र नावाने बारीक असूनही त्यात एव्ही१ आहे. आकडा मोठा म्हणजे चिप नवी, हा हिशेब एएमडीत चालत नाही.

एव्ही१ नसेल तर सगळं संपलं का? नाही. कोअर दणकट असतील तर सॉफ्टवेअरवर काम भागतं. ५६००जीचे सहा कोअर ४के एव्ही१ सॉफ्टवेअरने ओढू शकतात, फक्त वीज आणि पंख्याचा आवाज वाढतो. पण जे४१२५ किंवा एन५१०५ सारख्या छोट्या सेलेरॉनवर एव्ही१ आलं की काम खोळंबतं, कारण तिथे हार्डवेअरही नाही आणि ताकदही नाही. ‘४के मिनी पीसी’ असा स्टिकर या दोघांवरही लावून विकतात. स्टिकर खोटा नाही, पण अर्धाच खरा आहे.

४के ब्लू-रे डिस्कचा विचार डोक्यात असेल तर आत्ताच काढून टाका. पीसीवर ती अधिकृतपणे चालवायला इंटेलचं एसजीएक्स (चिपमधली सुरक्षेची एक सोय) लागायचं, आणि अकराव्या पिढीपासून इंटेलने ते डेस्कटॉप प्रोसेसरमधून काढून टाकलं.

मग घ्यायचा कोणता

माझं मत स्पष्ट आहे: दहापैकी सात घरांसाठी एन१०० किंवा त्याचाच पुढचा भाऊ एन१५० असलेला मिनी पीसी. चार छोटे कोअर, एचईव्हीसी, व्हीपी९, एव्ही१ तिन्ही १० बिटमध्ये, आणि वीज नावापुरती. एन९५ आणि एन९७ ही त्याच घराण्यातली भावंडं. एन९५ची मर्यादा १५ वॉटची, म्हणजे थोडा जास्त तापतो, आणि ग्राफिक्स थोडं कमी. भावात ठळक फरक नसेल तर एन१००च घ्या. रॅम ८ जीबी पुरते. या चिपला एकच मेमरी चॅनल आहे, त्यामुळे ‘ड्युअल चॅनलसाठी दोन रॅम घ्या’ असं कोणी म्हणालं तर इथे ते लागू नाही.

दुसरी वाट असेंबल पीसीची: आय३-१२१००, चार मोठे कोअर, यूएचडी ७३० ग्राफिक्स, एच६१० बोर्ड. तोच पीसी मुलांच्या अभ्यासाला, फोटो-व्हिडिओ एडिटिंगला किंवा घरच्या सर्व्हरला वापरायचा असेल तर ही वाट उत्तम. पुण्यात शिकणाऱ्या मुलीला नागपूरच्या हार्ड डिस्कवरचा सिनेमा जेलीफिन या मीडिया सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमधून तिच्या फोनवर पाठवायचा असेल तर व्हिडिओ चालता चालता पुन्हा दाबावा लागतो. ते काम इंटेलचं क्विक सिंक फार छान करतं. एन१०० सुद्धा असे एक-दोन प्रवाह निभावतो, पण एकाच वेळी घरी सिनेमा आणि बाहेर दोन जण असतील तर आय३ बरा. जी७४००चा मोह होतो, कारण तो स्वस्त दिसतो. पण बोर्ड, रॅम, एसएसडी, कॅबिनेट आणि एसएमपीएस तेच लागतात, त्यामुळे एकूण बिलात जो फरक पडतो तो अर्धे कोअर सोडून देण्याइतका मोठा नसतो.

तिसरी वाट सेकंडहँड. कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेले छोटे डेस्कटॉप, डेलचे मायक्रो, लेनोव्होचे टायनी, एचपीचे मिनी, बर्डीत, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, रिफर्बिश्ड म्हणून मिळतात. यात आठव्या पिढीच्या खाली उतरू नका. सातवीच्या खालच्यांचं कारण वर आलंच, सातवी टाळायचं कारण विंडोजचं: विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ इंटेलमध्ये साधारणपणे आठव्या पिढीपासूनच अधिकृतपणे चालतं. आय५-८५००टी मिळाला तर तो सहा कोअरचा, ३५ वॉटचा, शांत आणि दणकट. अडचण मागच्या पोर्टची. ऑफिसच्या या मशीनमध्ये बऱ्याचदा एचडीएमआय नसतंच, डिस्प्लेपोर्ट असतं, किंवा असलं तर एचडीएमआय १.४. मग ४के सेकंदाला ६० वेळा, म्हणजे ६० हर्ट्‌झसाठी डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय २.० काढणारा अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅडाप्टर वेगळा घ्यावा लागतो. तुमचा टीव्ही १०८०पीचा असेल तर हे सगळं विसरा, ही वाट तुमच्यासाठी सोन्यासारखी आहे. टीव्ही ४के एचडीआर असेल तर मी पहिल्या वाटेनेच जाईन.

एएमडीची ५६००जी मी फक्त एका परिस्थितीत सुचवतो: घरात एएम४ बोर्ड आणि डीडीआर४ रॅम आधीच पडून आहे, किंवा मुलांना हलकेफुलके गेमही खेळायचे आहेत.

किमती इथे मुद्दाम देत नाही. २०२५ संपता संपता रॅमचे भाव असे चढले की महिन्यापूर्वीचं कोटेशनही कामाचं राहिलं नाही. तुम्ही एवढं करा: दोन दुकानांतून पूर्ण मशीनचं कोटेशन घ्या, रॅम आणि एसएसडीसकट, जीएसटीसकट. नुसत्या प्रोसेसरचा भाव विचारलात तर हिशेब फसतो.

नावामागचं एक अक्षर

माझ्या आतेभावाने मला न विचारता प्रोसेसर घेतला. काऊंटरवर सांगितलं गेलं, ‘‘भाऊ, बाराव्या जनरेशनचा आहे, सगळं चालते, डोळे मिटून घेऊन जा.’’ घरी येऊन जोडला, पंखा फिरतो, दिवा लागतो, टीव्हीवर मात्र ‘नो सिग्नल’. केबल बदलली, टीव्हीचं पोर्ट बदललं, रॅम काढून पुसून लावली. रात्री साडेदहाला मी खोका मागवून पाहिला: आय३-१२१००एफ. इंटेलच्या नावामागे एफ असला की ग्राफिक्स बंद असतं. थोडा स्वस्त मिळतो म्हणून गेमवाल्यांत तो चालतो, कारण ते ग्राफिक्स कार्ड वेगळं लावतातच. आपल्याला नेमकं ग्राफिक्सच हवं आहे.

एएमडीच्या एएम४ मध्ये उलट: नावामागे जी असेल तरच ग्राफिक्स आहे. ५६०० आणि ५५०० मध्ये नाही, ५६००जी आणि ५५००जीटी मध्ये आहे. इंटेलच्या नावामागे टी म्हणजे कमी वीज खाणारा, तो चांगला. के म्हणजे ओव्हरक्लॉकसाठी मोकळा, त्याचे जास्त पैसे देण्यात अर्थ नाही.

दुकानात पेन ड्राइव्ह घेऊनच जा

बर्डीत आपल्या ओळखीचा दुकानदार असेल तर तो चालू मशीनवर दहा मिनिटं बसू देतो. नवा सीलबंद डबा असेल तर डेमो पीस दाखवायला सांगा. पेन ड्राइव्हमध्ये तीन फाइल न्या: तुमच्या फोनचा ४के ६० फ्रेमचा व्हिडिओ, एक १० बिटची एचईव्हीसी फाइल आणि एक एव्ही१. सोबत एमपीव्ही प्लेअर ठेवा, तो इन्स्टॉल करावा लागत नाही.

फाइल आधी मशीनच्या एसएसडीवर कॉपी करा, म्हणजे पेन ड्राइव्हच्या वेगाचा दोष चिपच्या माथी येणार नाही. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर जा. तिथे चार छोटे आलेख असतात, त्यातल्या एकावर ‘व्हिडिओ डिकोड’ निवडा. आता फाइल लावा आणि कंट्रोल-एच दाबून हार्डवेअर डिकोडिंग चालू करा, एमपीव्हीत ते सुरुवातीला बंद असतं. हार्डवेअर काम करत असेल तर व्हिडिओ डिकोडचा आलेख वर उठतो आणि प्रोसेसरचा आलेख तळाशी लोळत राहतो. तो आलेख शून्यावर सपाट आणि प्रोसेसर साठ-सत्तर टक्क्यांवर, असं दिसलं तर उलगडणं सॉफ्टवेअरने चाललं आहे. एमपीव्हीत ‘आय’ ही कळ दाबली की किती फ्रेम गळाल्या तेही दिसतं. कंट्रोल आणि एच दाबून हार्डवेअर डिकोडिंग चालू-बंद करता येतं, आणि तेवढ्यावरून फरक डोळ्यांना कळतो. दुकानदारालाही दाखवा. बर्डीतल्या एका तरुण दुकानदाराने हे पाहून लगेच स्वतःच्या पेन ड्राइव्हवर त्या फाइल उतरवून घेतल्या, तेव्हा मला फार बरं वाटलं.

मिनिटभर चालवून उठू नका. दहा मिनिटं चालू द्या आणि डब्यावर हात ठेवून पाहा.

एचडीएमआयचंही तिथेच तपासा. टीव्हीच्या ४के ६० हर्ट्‌झसाठी किमान एचडीएमआय २.० हवं, १.४ ला ४के ३० हर्ट्‌झच्या वर जाता येत नाही. आणि ३० हर्ट्‌झवर माउसचा बाणसुद्धा लंगडत चालतो. प्रोसेसर चांगला असून बोर्डाचं पोर्ट जुनं असू शकतं, म्हणून बोर्डाचं मॉडेल लिहून घेऊन कंपनीच्या पानावर वाचा.

बिल घ्याच. खोक्यातल्या इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रेमधला, म्हणजे खोक्याशिवायचा असेल तर वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर, तेव्हा तो शब्द बिलावर लिहून घ्या.

नागपूरचा उन्हाळा हा वेगळा धडा

इंटरनेटवरची बहुतेक परीक्षणं २०-२२ अंशांच्या खोलीत होतात. २०१३च्या मे महिन्यात नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. एरवीही नवतपाच्या दिवसांत एसी नसलेल्या वरच्या मजल्यावरची बैठक रात्री नऊलासुद्धा ३७-३८ला असते. पंखा लावून आपल्याला बरं वाटतं कारण घाम वाळतो, चिपला घाम येत नाही. बाहेरची हवा १५ अंशांनी गरम असेल तर तेच काम करताना चिपही साधारण तेवढीच जास्त तापते. एन१००ची कमाल मर्यादा १०५ अंश, आय३-१२१००ची १००. तिथे पोचायच्या आधी चिप स्वतःचा वेग कमी करते आणि चित्र अडखळू लागतं. जानेवारीत घेतलेला पीसी मे महिन्यात ‘बिघडतो’ तो असा.

म्हणून आपल्याकडे बिनपंख्याचा मिनी पीसी घेऊ नका. दिसायला सुंदर, आवाज शून्य, पण धातूचा डबा थंड व्हायला भोवतालची हवा थंड लागते. लहानसा पंखा असलेला घ्या. टीव्हीच्या मागे स्क्रूने बसवायची सोय असली तरी उन्हाळ्यात तिथे बसवू नका, टीव्हीची स्वतःची ऊब तिथेच साचते. टीव्ही युनिटच्या बंद कपाटात तर नकोच. उघड्या फळीवर, चारी बाजूंनी चार बोटं जागा सोडून ठेवा.

कूलरचं आणखी एक सांगतो, कारण ते कुठल्या परीक्षणात येत नाही. कूलरचा झोत थेट पीसीवर येऊ देऊ नका. ती हवा थंड असते पण ओलसर असते, आणि सोबत धूळ आणते. ओली धूळ हीटसिंकच्या पात्यांत बसली की तिचा थर होतो, फुंकरीने निघत नाही. मी माझा मिनी पीसी पहिल्या पावसाळ्यात उघडला तेव्हा पात्यांमध्ये राखाडी नमद्यासारखा पट्टा बसला होता. ब्रशच्या दांड्याने हळूहळू सोडवून काढला, तेव्हा तापमान एका झटक्यात अकरा अंशांनी उतरलं. आता वर्षातून दोनदा उघडतो, होळीच्या आधी आणि पोळा-मारबत आटोपली की. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भरधाव फिरून बेअरिंग खराब होतं. जुन्या सेकंडहँड मशीनची थर्मल पेस्ट पहिल्याच दिवशी बदला. काम अर्ध्या तासाचं, खर्च किरकोळ.

विजेचा हिशेबही पाहा. मिनी पीसी सिनेमा दाखवताना भिंतीतून साधारण १० वॉट ओढतो. रोज सहा तास धरले तर महिन्याला १.८ युनिट. असेंबल पीसी ३० वॉटच्या आसपास धरला तर ५.४. फरक किरकोळ वाटतो, पण सर्व्हर म्हणून चोवीस तास चालू ठेवलात तर ७.२ विरुद्ध २१.६ युनिट होतात, आणि उन्हाळ्यात कूलर-एसीने आपण आधीच महावितरणच्या वरच्या टप्प्यात गेलेलो असतो.

बसवल्यावर

चिप योग्य असूनही कॅमेरा आडवा फिरताना चित्र बारीक झटके देत असेल तर प्रोसेसरला दोष देऊ नका. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, आपल्याकडची व्हीसीडी, डीव्हीडी आणि टीव्हीचं प्रक्षेपण २५चं, टीव्ही मात्र ६० हर्ट्‌झवर लावलेला. ६०चे २४ किंवा २५ समान वाटे होत नाहीत, म्हणून काही फ्रेम जास्त वेळ थांबतात. कोडी या फुकट मीडिया प्लेअरमध्ये प्लेअरच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ आहे, ते ‘ऑन स्टार्ट/स्टॉप’वर ठेवा. मग नाटकाला टीव्ही ५० हर्ट्‌झवर जातो, सिनेमाला २४ वर. बाबांच्या व्हीसीडी ३५२ गुणिले २८८ एवढ्याच आहेत, त्या कुठल्याही चिपने काचेसारख्या होणार नाहीत. पण ५० हर्ट्‌झवर पात्रांच्या हालचाली पहिल्यांदाच सरळ दिसल्या.

विंडोज नको असेल तर लिब्रेइलेक टाका. फुकट आहे, आणि मशीन चालू केलं की थेट कोडी उघडतं. एन१००वर ते सुरेख चालतं. मिनी पीसीत आधीपासून टाकलेलं विंडोज असेल तर सेटिंगमध्ये अ‍ॅक्टिव्हेशन तपासा.

साउंडबार किंवा रिसीव्हर असेल तर एवढंच: डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडीचा मूळ आवाज हवा असेल तर पीसी थेट रिसीव्हरला जोडा, किंवा टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हींवर ई-आर्क (टीव्हीतून रिसीव्हरला आवाज पाठवायची एचडीएमआयची नवी सोय) आहे का पाहा. साध्या आर्कमधून हे आवाज जात नाहीत. टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकणार असाल तर हा परिच्छेद तुमच्यासाठी नाही.

रिमोटचं आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. पीसीच्या एचडीएमआयमध्ये सहसा सीईसी नसतं, त्यामुळे टीव्हीच्या रिमोटने पीसी चालत नाही. यूएसबी डोंगलवाला छोटा रिमोट घ्या, किंवा अँड्रॉइड फोनवर कोडीचं कोअर (Kore) नावाचं रिमोट अ‍ॅप टाका. घरातल्या मोठ्यांना फोनपेक्षा बटणांचा रिमोट सोपा जातो.

शेवटचं काम बायोसमधलं. त्यात ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ किंवा तशाच नावाचा पर्याय असतो, तो ‘ऑन’ करा. आपल्याकडे वळवाचा पाऊस आला की लाइट जाणार, आणि बाबा दर वेळी फळीमागे हात घालून ते बारीक बटण शोधणार. हा पर्याय लावल्यापासून लाइट आली की पीसी आपोआप सुरू होतो, कोडी उघडतं आणि नाटक जिथे थांबलं होतं तिथून पुढे पाहायचं का, असं विचारतं.